दिवाकरच्या नावापुढची टिक

आमच्या सेक्शनला उत्तरेकडच्या एका पोस्टवर हिवाळा काढायचा होता. आम्ही नऊ जण. मी हवालदार, सेक्शन कमांडर. बर्फ पडलं की खालचा रस्ता बंद, मग हवामान उघडलं तरच हेलिकॉप्टर. चढायच्या पंधरा दिवस आधी, सकाळी दहा वाजता, एमआय रूमसमोर, म्हणजे युनिटच्या दवाखान्यासमोर, फ्लूच्या इंजेक्शनची परेड लागली.

बार्शीटाकळीचा लान्स नायक रफीक त्या रांगेत नव्हता. आदल्या वर्षी हेच इंजेक्शन घेतल्यावर त्याचा घसा सुजला होता, मरता मरता वाचला. डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी त्याला माफी दिली आणि नावांची यादी माझ्या हातात ठेवली.

"हवालदार, एक आदमी बिना इंजेक्शन जा रहा है. बाकी आठ में कोई छूटना नहीं चाहिए, बीमारी उन्हीं से उस तक पहुँचेगी."

"नहीं छूटेगा, सर."

सुटला. परतवाड्याचा नायक दिवाकर, व्हॉलीबॉलमधला आमचा स्मॅशर. दुपारी मॅच होती. तो माझ्या कानाशी लागला. "उस्ताद, दोन दिवस हात दुखते. मारून टाका ना टिक." मी नांदगाव खंडेश्वरचा, म्हणजे दोघंही अमरावती जिल्ह्यातले. गाववाल्याला नाही कसं म्हणायचं? मी टिक मारली. मॅच आम्ही जिंकलो, तेही लिहून ठेवतो.

वर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात रेशनचं हेलिकॉप्टर आलं. त्यातला एक जण खोकत होता. सामान दिवाकरनं उतरवलं. दोन दिवसांनी त्याला ताप भरला. त्यानं तो लपवला, गोळ्या खाल्ल्या आणि बरा झाला. त्याच्याच बंकरमध्ये झोपणारा रफीक मात्र तापानं पडला.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता रफीकचे ओठ निळे दिसले. मी वायरलेस सेट उचलला.

"एक कॅज्युअल्टी. साँस की तकलीफ. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम बंद. वेट. ओव्हर."

नऊला वेट. अकराला वेट. रफीक एवढंच म्हणत होता, "उस्ताद, मले उठवून बसवा." त्याची पाठ माझ्या छातीला टेकवून मी बसलो. एक वाजून दहा मिनिटांनी तो गेला. हेलिकॉप्टर तिसऱ्या दिवशी आलं.

दिवाकरला मी तिथंच मारून टाकला असता. दोघांनी मला धरलं. साहेबांना रिपोर्ट मात्र दिला नाही, कारण टिक माझ्या पेनाची होती.

पुढं दोघंही रिटायर झालो. दिवाकर परतवाड्याहून घाटात काळीपिवळी जीप चालवायला लागला. त्याची गाडी दरीत जावी, असं मी कितीदा मनात म्हटलं असेल. फक्त गाडीत सवाऱ्या नसाव्यात, एवढीच सवलत देत होतो.

मी शेतात झेंडू लावतो. महिन्यातून एकदा अकोल्यावरून बार्शीटाकळीला, रफीकच्या अम्मीकडे जातो. कोरोनात ते बंद पडलं. लस आली, पण इंजेक्शनानं घसा सुजायचा दोष अम्मीलाही आहे. डॉक्टरांनी तिला थांबायला सांगितलं. ती फोनवर म्हणायची, "तू तो आ जा, बेटा."

आमच्या गावची आशाताई दारात आली तेव्हा झेंडूची तोडणी जोरात होती.

"दादा, लसीले नाव लिहू काय?"

"दोन दिवस हात दुखते म्हणतात. मारून टाक ना टिक."

बोलून गेलो आणि मग ध्यानात आलं. ज्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याचंच वाक्य माझ्या तोंडातून निघालं होतं.

ती म्हणाली, "माह्याच्यानं नाही होत, दादा. घ्यायची असन तं या."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी लस घेतली. अम्मीच्या दारात उभं राहता यावं म्हणून. आणि खरं सांगतो, दिवाकरचा राग करायचा हक्क जाऊ नये म्हणूनही. दुसरा डोस झाल्यावर सरळ परतवाड्याचा स्टँड गाठला.

"लस घेतली काय?"

"घेतो ना, उस्ताद."

"चल आत्ता."

"सवारी भरून राहिली."

"उतरव. नाही तं या सवाऱ्यायले सांगतो, रफीक काहून मेला."

त्यानं सवाऱ्या उतरवल्या आणि आला. सुई त्याच्या दंडात जाईपर्यंत मी नजर हटवली नाही. बरं वाटलं, पण पोट भरलं नाही. त्याचाही दुसरा डोस होऊन पंधरा दिवस गेल्यावर मी त्याला त्याच्याच गाडीतून बार्शीटाकळीला नेला. अम्मीसमोर उभा केला.

"अम्मी, हा दिवाकर. यानं इंजेक्शन चुकवलं, म्हणून रफीक गेला."

अम्मीनं दिवाकरकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "वहाँ इनका बड़ा कौन था?"

दिवाकर खाली बघत होता. माझं नाव त्याला घेता आलं असतं. त्यानं घेतलं नाही.

"मैं था, अम्मी. टिक मैंने लगाई."

ती रडली नाही, ओरडली नाही. आत जाऊन एक ग्लास पाणी आणलं आणि दिवाकरच्या हातात दिलं. मला म्हणाली, "तू अब जा."

मी बसनं परत आलो. दिवाकरला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. अम्मीनं अजून बोलावलेलं नाही.

लान्स नायक रफीक आठ जणांच्या भरवशावर वर चढला होता. आम्ही सात होतो, आणि ते फक्त मला आणि दिवाकरला माहीत होतं.