आधी तुह्यं होऊ दे

पोरानं मध्येच तोंड घातलं की सर खडू शर्टाच्या खिशात टाकत, त्या पोराच्याच बाकावर जाऊन टेकत आणि म्हणत, "हं, आधी तुह्यं होऊ दे. मले घाई नाई."

घाई नाही! दिवाळी आली तरी यांचा चौथा धडा सरत नसे. आंजीच्या पुढं आमची शाळा. दोन वर्गांत टिनाचं पार्टिशन. इकडे मी गणित शिकवायचो, तिकडे सर विज्ञान. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी, आणि तिकडून कोणाची म्हैस व्याली त्याची हकीकत चाललेली. वर सर विचारणार, "मंग?" मला त्यांची कीव येत नसे, चीड येई. असा गुळमुळीत मास्तर तुम्हीही पाहिला असेल. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. ज्याला पोरं आवरत नाहीत तो दुसरं काय होणार?

एकदा स्टाफरूममध्ये मी म्हणालोच, "सर, एखाद्याले दोन ठेवून द्या. पोट्टं मध्ये बोलून राह्यलं का तुम्ही त्याच्याजवळ बसता काय?"

चहा फुंकत म्हणाले, "अजी, तो बोलत नाई तोपर्यंत त्याले काय नाई समजलं, ते मले कसं समजन?"

मी खूप हसलो. बाकीचेही हसले.

मग मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. सगळ्यांत ज्येष्ठ सर, त्यांच्यामागे मी. सरांच्या वर्गात नुसता बाजार असतो, हे संस्थेच्या सचिवांच्या कानावर मीच घातलं होतं. एक दिवस ते येऊन सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. मी इकडून पार्टिशनला कान लावला.

सर परागीभवन शिकवत होते. सातवीतली एक मुलगी मध्येच उठली. तिच्या घरी भाजीची वाडी.

"सर, आमच्या दोडक्याले फुलं लय येते, पण दोडके काऊन नाई लागत?"

"ए, धड्यातलं विचार," सचिव गुरकावले.

"थांबा साहेब," सर म्हणाले. "आधी तिचं होऊ द्या."

जन्मात या माणसानं एकालाच मध्ये बोलू दिलं नाही, आणि तो नेमका सचिव! आठ दिवसांत संस्थेनं 'मला पद नको' असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. खुर्ची मला मिळाली. माझा पेढा तोंडात टाकून सर म्हणाले, "चांगलं झालं." त्याचीही मला चीडच आली.

वर्षभरात ते निवृत्त होऊन नाचणगावला गेले. त्यांच्या जागी अजून कोणी आलं नाही, म्हणून विज्ञानही मीच घेतो. धडे वेळेत संपतात. परवा आठवीचे विज्ञानाचे पेपर तपासले. एका प्रश्नाला अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर, एकसारखं चुकलेलं.

"काय समजलं नाही?" मी विचारलं. कोणी हूं की चूं केलं नाही. ती दोडक्याची मुलगी पहिल्याच बाकावर होती. काय वाटलं कोण जाणे, मी खडू खिशात टाकला आणि तिच्या बाकावर टेकलो.

"बोल बाई. मले घाई नाई."

ती दचकून उभी राहिली.

"समजलं सर," म्हणाली.