इंग्रजीचं खुरपं

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. दहावीतल्या नातीनं इंग्रजीचं पुस्तक मिटलं.

"आबा, एक 'रन', पण पळणं, वाहणं, दुकान चालवणं, सगळ्याला तोच! उद्या पेपरला मी न्हाय जायची."

मी दुसरीत शाळा सोडलेला, पण हार मानणारा न्हाय. तिला कांद्याच्या वाफ्यात नेऊन हातात खुरपं दिलं. तिनं तण काढलं, बांधावरचं गवत कापलं, ढेकळं फोडली.

"ही कामं पाठ केली व्हतीस?"

"पाठ कशाला? समोर काय हाय ते बघून हात चालतो."

"मग शब्दाशेजारी काय हाय ते बघ की."

"लई शहाणे तुम्ही," म्हणत तिनं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोटारसायकलवर शेजारच्या वाशी गावात पेपरला नेलं आणि पेपर सुटेस्तोवर शाळेच्या फाटकाशी बसून राहिलो.