हिवाळ्यातल्या उन्हाचा शब्द

गच्चीवर आई वहिनीच्या केसांना तेल लावत बसली होती. थंडीतलं कोवळं ऊन दोघींच्या पाठीवर होतं. मी जिन्याच्या दारात, सावलीत उभी होते.

या उन्हाच्या उबेसाठी इंग्रजीत एक जुना शब्द आहे, ॲप्रिसिटी. लॅटिनमध्ये उन्हात न्हालेल्या जागेला जे म्हणायचे, त्यावरून तो आला. आता तो कुणी वापरत नाही. आईला सांगावा असं कितीदा मनात आलं, पण तिच्याशी बोलताना माझे शब्द नेहमी घशातच राहतात. वहिनी येऊन चार महिने झाले नाहीत, आणि तिची बडबड थांबत नाही.

"ताई, या ना, ऊन जाईल!" वहिनीने हाक मारली.

"तिला नाही आवडत गं तेलबिल," आई परस्पर म्हणाली. "तिला पुस्तक बरं."

मला वाटतं, तो शब्द उन्हात बसलेल्या कुणी केलाच नसणार. सावलीतून बघणाऱ्या कुणीतरी केला असणार.

मी चटईवर गेले, वहिनीला जरा सरकवून आईच्या पुढ्यात बसले आणि केसांचा रबर काढला. आईचे तेलकट हात क्षणभर हवेतच थांबले.