चिकाने काढलेल्या चपला

आधीच सांगून टाकते, मी गप्प बसणारी बाई नव्हे. भडगावात पहिलीचा वर्ग सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि त्या काळात माझा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ असं सासूबाई म्हणायच्या, ते काही खोटं नव्हतं. मग निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत लकव्याचा झटका आला. उजवा पाय, उजवा हात आणि जीभ, तिघांनी एकदम संप केला. पाय लवकर सुधारला. हात अर्धामुर्धा आला. जीभ अजून नखरे करते. मनात वाक्य पुरतं तयार असतं, पण बोलायला जावं तर नेमका एखादा शब्द दारातच अडून बसतो. लिहिताना असं होत नाही. हे मी डाव्या अंगठ्याने मोबाइलवर लिहितेय, आणि बघा, कसे सरसर येताहेत. मेल्यांना माझ्या तोंडाचंच काय वावडं आहे कोण जाणे.

आमचे हे शेतकरी. गिरणेकाठी आमची केळी आहे. झटका आल्यापासून ह्यांनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. भाकरी मोडून द्यायची ह्यांनी, औषधाची पट्टी फोडायची ह्यांनी, वेणीसुद्धा घालायची ह्यांनी. शेजारीण येऊन म्हणाली, ‘बाई, बरं आहे ना?’ की मी तोंड उघडायच्या आत हे म्हणणार, ‘बरी शे, बरी शे. कालपेक्षा बरी शे.’ माझा शब्द अडला की हे पुरवणार. बरं, पुरवलेला शब्द बरोबर असायचा, म्हणून तर जास्त राग यायचा. सगळे म्हणायचे, केवढं नशीब काढलंस! मी मान हलवायची. मनात मात्र यायचं, की आता मरेपर्यंत असंच. मी नुसती बसणार, आणि माझं जगणं हे करणार. मला एक तरी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हाताने करून बघायची होती. होते की नाही, एवढंच कळायला हवं होतं.

मुलगी नाशिकला असते. तिने फोनवर कुठेसं बघितलं, की सावद्याजवळ एका मळ्यात चार दिवसांचं कला शिबिर आहे. राहणं, जेवण तिथेच. ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणे. मला न विचारता तिने नाव घालून टाकलं. ह्यांनी विचारलं, ‘मिक्स म्हणजे काय नेमकं?’ ती म्हणाली, ‘कागद, कापड, दोरा, रंग, माती, सगळं एकाच चित्रात.’ हे म्हणाले, ‘बठ्ठं एकत्र? मंग ती शेवभाजीच झाली.’ आणि स्वतःची पिशवी भरायला लागले. म्हटलं, तुम्ही कुठे? तर म्हणाले, ‘तुले एकलीले सोडू?’

तर असे आम्ही दोघं गेलो. शिबिरात आम्ही दहा-बारा बायका आणि आमचे हे. थंडीचे दिवस होते. मळ्यात एक मोठी पत्र्याची शेड, मागे केळीची बाग. शिकवणारी पोरगी तिशीची असेल, केस बारीक कापलेले, बोलायला गोड. माझ्या शेजारी धुळ्याची एक बाई होती, बँकेतून निवृत्त झालेली, जिभेने माझीच बहीण शोभेल अशी. पहिल्या तासाभरातच ती मला अक्का आणि ह्यांना आबा म्हणायला लागली.

पहिल्या दिवशी केळीच्या धाग्यापासून केलेला खरबरीत कागद वाटला. तो हाताने फाडायचा, चिकटवायचा, वर रंग द्यायचा. मी कागद हातात घेतला, तोवर ह्यांनी डिंकाची बाटली उघडलेली. मी बोट बुडवतेय, तोवर ह्यांनी अर्धा कागद फाडून ठेवलेला. ‘तू सांग फक्त, मी लावतो.’ मी काय सांगणार, कपाळ? संध्याकाळी सगळ्यांची चित्रं भिंतीशी मांडली, तर आमचं सगळ्यात सुबक. शिकवणारीने तोंड भरून कौतुक केलं. धुळ्याची बाई मोठ्यांदा म्हणाली, ‘आबा, तुमचं चित्र झकास झालंय हं!’ सगळ्या हसल्या. आमचे हे लाजले. खरोखर लाजले हो! त्यातला टोमणा ह्यांच्या गावीही नव्हता. त्या रात्री जेवायला वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, जळगावकडच्या माणसाचा जीव जिच्यात अडकतो ती, आणि मला घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र शेजारच्या मळ्यात माल कापायला टोळी आली. केळी कापणं चालू आहे आणि आमचे हे शेडमध्ये बसून राहतील? शक्यच नाही. ‘आलोच, घड पाहून येतो,’ म्हणून गेले. नेमकं तेव्हाच शिकवणारीने केळीचं ताजं खोड आणून मधे ठेवलं आणि त्याला कोयत्याचा एक घाव घातला. टपटप चीक गळायला लागला. तो तिने वाट्यांमध्ये धरला.

ज्यांच्या घरी केळी नाही त्यांना सांगते. केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो. कपड्यावर पडला तर कळतही नाही. मग वाळतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळपट तपकिरी डाग उगवतो, तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घरात केळीचे कपडे वेगळे असतात, डागांनी भरलेले, खुंटीवर वेगळे टांगलेले. चांगल्या कपड्यावर चीक पडला की घरात आग लागल्यासारखी धावपळ होते. वाळायच्या आत लिंबू, साबण, जे हाती लागेल ते घासायचं. आणि ही पोरगी म्हणत होती, ‘आज आपण ह्याच चिकाने चित्र काढायचं. आत्ता काही दिसणार नाही. उद्या सकाळी दिसेल.’

घरून एक जुनं सुती कापड आणायला सांगितलं होतं. मी माझ्या झेंडावंदनाच्या पांढऱ्या साडीचा अर्धा भाग आणला होता. तो मांडीवर पसरला. काडीला कापूस गुंडाळला, चिकात बुडवला आणि उजव्या हातात धरला. काय काढू? डोळ्यांपुढे आलं ते वर्गाचं दार, आणि दाराबाहेर काढलेल्या पोरांच्या चपला. रोज एका ओळीत लावा म्हणून मी कोकलायची आणि रोज ती ओळ वाकडीच असायची.

हात थरथरत होता. पण गंमत अशी, की रेघ दिसतच नव्हती. नुसतं ओलं कापड. कुठे वाकडी गेली, कुठे तुटली, मला कळत नव्हतं, शेजारणीला कळत नव्हतं, कोणालाच कळत नव्हतं. मग हात भ्यायचा थांबला. मी एक चप्पल काढली, तिचा अंगठा काढला. मग दुसरी. मधे काडी दोनदा गळून पडली, ती मी वाकून उचलली. धुळ्याच्या बाईने मदतीला हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून परत मागे घेतला. शहाणी बाई! शेवटची चप्पल काढून झाली तेव्हा उन्हं कलली होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. काही दिसत नव्हतं, पण झालं होतं. माझ्या उजव्या हाताने झालं होतं.

आणि हे आले. दारातून बघतात तर काय, चिकाची वाटी बायकोच्या हातात, मांडीवर पांढरीशुभ्र साडी, आणि तिच्यावर ठिकठिकाणी ओल. चीक सांडला असं समजून हे ओरडले, ‘आरे आरे! चीक सांडना!’ आणि कोणाला काही कळायच्या आत माझ्या मांडीवरून कापड ओढून बाहेर पळाले. मला ‘थांबा’ म्हणायचं होतं. एवढासा शब्द! पहिलीच्या पोरांना हजार वेळा म्हटलेला. तो आलाच नाही. मी पाय ओढत नळापर्यंत पोचले तेव्हा हे बादलीत कापड बुडवून, साबण लावून, दोन्ही हातांनी खसाखसा घासत होते. वर मला म्हणतात, ‘भिऊ नको, अजून वाळना नही, निंघी जाई!’

मग माझी जीभ सुटली. ‘माझं होतं ते!’ मी किंचाळले. ‘मी काढलं होतं! एकटीने! जेवण तुमचं, बोलणं तुमचं, चित्र तुमचं! मग मी कशाला आहे? मी मेले का? जिवंत आहे ना मी अजून?’ एकही शब्द अडला नाही. शेडमधून सगळ्या बाहेर आल्या होत्या. हे फेसाने भरलेले हात तसेच धरून उभे राहिले. आधी माझ्याकडे, मग बादलीकडे बघितलं. शिकवणारीने हळूच सांगितलं, की काका, चित्र होतं त्यावर, मुद्दाम काढलेलं. ह्यांचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना.

ते जाऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसले. मीही थोड्या वेळाने जाऊन बसले, लांब. राग गेला नव्हता. मग ते म्हणाले, ‘तू पडलीस त्या दिवशी मी शेतात होतो. फोन घरीच विसरलेलो. आलो तर तू ओट्याखाली पडलेली. किती वेळ पडली होतीस, आजपावेतो माहीत नाही. तेव्हापासून मला तुझ्यावरून नजर काढवत नाही. वाटतं, मी जरा हात काढला, की तू पुन्हा पडशील.’ माणूस रडत होता. इतक्या वर्षांत मी ह्यांना सासूबाई गेल्या तेव्हा एकदाच रडताना बघितलं होतं.

माझा राग तिथेच विरघळला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी म्हणाले, ‘पडले तर... पडले तर...’ आणि शब्द अडला. ह्यांनी सवयीने तोंड उघडलं. मी बोट वर केलं. तोंड मिटलं. ‘...पडले तर हाक मारीन,’ मी म्हणाले. ‘पण उठायचं मी.’

शिकवणारीने ते ओलं कापड पिळून दोरीवर टाकलं होतं. मला वाटलं, कशात काय अन् फाटक्यात पाय. पण सकाळी धुळ्याची बाई मला हाताला धरून दोरीपाशी घेऊन गेली. चीक इतक्या सहजासहजी कुठे जातो! अर्ध्याअधिक चपला पुसल्या गेल्या होत्या, उरलेल्या मात्र तपकिरी रेघांनी उगवल्या होत्या. वाकड्या, थरथरत्या, कोणाचा अंगठा आहे तर टाच नाही. एकीलाही जोडीदार उरला नव्हता. पहिलीच्या वर्गाबाहेर अगदी असंच असायचं, हे मी शिक्षिका म्हणून छातीठोकपणे सांगते. मी ते कापड खरबरीत कागदावर चिकटवलं, खाली गेरूने जमीन केली, दारासाठी कागद फाडला. डिंक साडीला, कोपरांना, केसांनाही लागला. हे त्या दिवशी शेडमध्ये आलेच नाहीत. मागे बसून, सगळ्यांच्या चित्रांना धागा लागेल म्हणून केळीची खोडं सोलत होते.

शेवटच्या दिवशी शेडमध्ये दोरी बांधून सगळ्यांची चित्रं टांगली. मळ्यातली माणसं बघायला आली होती. प्रत्येकीने आपल्या चित्राबद्दल चार शब्द बोलायचे होते. माझी पाळी आली. मी उभी राहिले. ‘ह्या... माझ्या वर्गातल्या पोरांच्या... पोरांच्या...’ आणि अडलं. काय म्हणतात त्या मेल्यांना? डोळ्यांसमोर टांगलेल्या होत्या, स्वतः काढलेल्या होत्या, आणि नाव येईना. ‘पायात घालतात...’ मग हळूहळू सगळ्यांच्या माना ह्यांच्याकडे वळल्या. चार दिवसांत सगळ्यांना माहीत झालं होतं, की माझे शब्द कोणाकडे ठेवलेले असतात.

हे मागच्या रांगेत बसले होते. माझ्याकडे बघत होते. बोलले नाहीत. पुढे कोणीतरी कुजबुजायला लागलं, त्याला धुळ्याच्या बाईने कोपराने ढोसलं. मी तशीच उभी. घाम फुटला. खाली बसावं असं एकदा वाटलं.

‘चपला!’ मी ओरडले. इतक्या मोठ्याने, की बाहेरचं कुत्रं उठून बसलं.

टाळ्या वाजायला लागल्या. ‘टाळ्या काय वाजवता?’ मी म्हणाले, ‘अजून पुढचं... सांगायचंय.’ आणि सगळं सांगितलं. अडत, थांबत, चहा निवेपर्यंत.

परत येताना गाडी हेच चालवत होते. भुसावळ मागे पडलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, ‘मले तो शब्द म्हाईत व्हता.’

‘मग?’

‘मी बोलनू नही.’

मी म्हणाले, ‘बघितलं मी. ओठ दाताखाली धरला होतात.’ त्यांच्या खालच्या ओठावर रक्ताचा एक बारीक ठिपका वाळलेला होता.