मांडीवरचं पीठ

लेकीचं जावळ काढायला पैठणला जायचं ठरलं आणि घरात जुंपली ती गाडीतल्या खुर्चीवरून. मी आणि नवऱ्यानं लेकीसाठी मागच्या सीटवर बसवायची, पट्ट्यांची खुर्ची आणली होती. सासूबाईंनी ती बघून कपाळालाच हात लावला. "अगं बाई! हर्सूलच्या जेलात न्यायची हाय का पोरगी, अशी बांधून? पिशोर गावाहून माझी समदी लेकरं गाडीत मांडीवर आली. एक तरी सांडलं का?"

भांडायचा मला कंटाळा. पण खोड अशी, की करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आणि खरं सांगू, घट्ट धरलेलं लेकरू हातातून सुटेल हे मलाही पटत नव्हतं. मग ही खुर्ची लागते कशाला? डोक्यात किडा वळवळायला लागला.

एकदा आम्ही तिघं गाडीतून दळण घेऊन गिरणीतून परत येत होतो, सासूबाई मागच्या सीटवर. लेक घरी आजोबांजवळ झोपलेली. पिठाची पिशवी साधारण तिच्याच वजनाची. सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही पट्टा लावा आणि ही नात समजून धरा. आम्ही ब्रेक मारणार आहोत."

"लई शहाणी हायेस," म्हणत त्यांनी पिशवी छातीशी कवटाळली. कॉलनीमागचा रस्ता रिकामा होता. नवऱ्यानं मागंपुढं बघितलं आणि रिक्षाच्या चालीनं जाताजाताच कचकन ब्रेक दाबला.

पिशवी सुटली, पुढच्या सीटवर आदळून फाटली. गाडीभर पीठ! आम्हा दोघांना हसू आवरेना. सासूबाई मात्र आपले पंजे उलटेसुलटे करून बघत होत्या. "ब्रेक लागणार ठाऊक होतं की मला," त्या म्हणाल्या. "तरी गेली." मग आमचंही हसू थांबलं.

पैठणला निघालो तेव्हा माझा भाऊ पुढं बसला होता. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, त्यामुळं स्वारी सकाळपासून रुबाबात. बिडकीन यायच्या आतच लेकीनं पट्ट्यांत भोकाड पसरलं. माझा जीव नुसता तुटत होता. हात सारखा बक्कलाकडं जायचा. भावानं मागं वळून हात पसरले. "द्या की इकडं! आज मामाच्या मांडीचा मान आहे."

सासूबाईंनी नातीचा पाय मुठीत धरला होता.

"मान घाटावर घ्या," त्या म्हणाल्या. "हितं रडू द्या तिला. रडतीय म्हंजी हाय."