टीव्हीतलं मयत

कळसाडीत आमच्या समोर राहणाऱ्या काकू संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या. तेव्हा खुनांची एक विनोदी मालिका लागायची. त्यातला गुंड प्रेत पोत्यात भरायचा आणि पोतं आखूड निघालं म्हणून दुकानदाराशी भांडायचा. आम्ही हसून लोळायचो. काकूही तोंडाला पदर लावून हसायच्या आणि लगेच त्या मेलेल्याच्या आईची चौकशी करायच्या, "त्या मरेलनी माय कुठे व्हई रे?"

माझा बी.ए.चा निकाल लागला. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारा मी पहिला, हे मी आजही छाती काढून सांगतो. त्या संध्याकाळी काकू आमच्याच घरी गुलगुले तळायला बसल्या. तेल तापलं, आणि टीव्हीवर तो गुंडच मेला, तोही पोत्यात पाय अडकून. सगळे खदखदून हसले. काकूंनी मात्र कढई खाली उतरवली.

"काकू, तो नट शे! उद्या साबणनी जाहिरातमा दिखी!" मी म्हणालो.

"दिखू दे. मयत व्हयनं तं गल्लीमा कढई ठेवतस का?"

मला राग आला. "मंग मन्हा निकालनं काय? तो गुंड मोठा व्हयना का?"

काकूंनी डब्यातून गुळाचा खडा काढून माझ्या तोंडापुढे धरला. "गूळ चालस. खाय, बेटा."

मी तोंड फिरवलं. नंतर नोकरी लागली, पेढे वाटले, सत्कारही झाले. पण काकूंची आठवण आली की दिसतं ते एकच, मालिका संपेपर्यंत त्यांनी तो खडा तसाच हातात धरून ठेवला होता.