वेल्सच्या डॉक्टरचं नाव

माझं नाव माझं एकट्याचं नाही, हे मला सहाव्या वर्षी कळलं. नुकतंच वाचायला येत होतं, त्यामुळे दिसेल ते मोठ्यानं वाचायची खोड होती. वडिलांबरोबर कब्रस्थानात गेलो होतो. भिंतीलगतच्या एका बुटक्या दगडावर बोट फिरवत अक्षरं लावली, तर माझं नाव, पुढं वडिलांचं, पुढं आमचं आडनाव. ‘बाबा, मी मेलोय का?’ असं ओरडलो, तशी पाठीत धपाटा बसला. ‘गप. तुझा भाऊ हाय तो.’

हा भाऊ चार वर्षांचा होऊन तापानं गेला होता. वर्षभरात मी झालो आणि त्याचंच नाव मला दिलं. कुणी काही विचारलं नाही. नाव मोकळं झालं होतं, ते वापरलं, एवढाच हिशोब.

नाव मूळचं आमचं नव्हतंच. पणजोबांच्या काळात मिशनच्या दवाखान्यात वेल्समधून एक डॉक्टर आला होता. त्यानं आमच्या वस्तीतली बरीच माणसं मरणाच्या दारातून ओढून आणली म्हणतात, आणि त्या उपकाराखाली घरोघरी एकेका पोराला त्याचं नाव पडलं. माझ्या लहानपणी श्रीरामपूरजवळच्या आमच्या त्या वस्तीत या नावाचे पाच जण होते. एक घंटावाला, तो चर्चची घंटा वाजवायचा. एक पेटीवाला, एक इंजनवाला, एक तिरळा. आणि पाचवा मी, बदलीवाला. साखर कारखान्यात कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा करतात तो बदलीवाला. कुणा टवाळानं हे नाव पाडलं, देव त्याचं भलं करो! पार शाळेत मास्तर होऊन चष्मा लागला तरी ते काही सुटलं नाही.

मास्तर होतो तो चित्रकलेचा. म्हणजे वस्तीला फुकटचा पेंटर मिळाला. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, झाला की शनिवारी सगळे कब्रस्थानात जमतात, गवत काढतात, चुना मारतात, कारण ईस्टरच्या पहाटेची प्रार्थना तिथंच होते. दगडांवरची पुसट झालेली अक्षरं काळ्या रंगानं गिरवायची ती मी. शंभर दगड करीन, हात अडायचा नाही. त्या बुटक्या दगडापाशी आलो की नुसता ब्रश डब्यात बुडवत राहायचो. दरवर्षी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव थडग्यावर लिहायचं! एकदा नावाच्या पहिल्याच अक्षराला रंगाचा ओघळ आला, तो पुसताना मला चक्क वाटलं, आतून कुणीतरी बघतंय आणि म्हणतंय, नीट लिही की. तेव्हापासून तो दगड मी सगळ्यात शेवटी घ्यायचो, आणि पाठ भिंतीला लावून बसायचो.

पण त्या दगडापेक्षा मला छळलं ते आईनं. आईनं मला कधी नावानं हाक मारली नाही. ए, अरे, ऐकलं का, पोरा. बक्षीस घेऊन घरी आलो तरी ‘आलं का पोरगं’. लग्नात उखाण्यात बायकोनं माझं नाव घेतलं, तर आई पदराला हात पुसत आत निघून गेली. मी मनात पक्कं केलं होतं, हिनं ते नाव त्या पहिल्यासाठी राखून ठेवलंय. माझ्यावर खर्च करायचं नाही. या गोष्टीनं माझ्या डोक्यात जी तिडीक बसली ती पासष्टी आली तरी तशीच.

यंदा त्या शनिवारी दुपारी, बाकीचे दगड उरकून जेवायला घरी आल्यावर, सहज मोबाईलवर त्या डॉक्टरचं नाव टाकलं. डॉक्टर कुठला सापडतोय! एक भली मोठी यादी आली. जुन्या काळातली वेल्सची नामांकित माणसं, सगळी त्याच नावाची. एक धर्मोपदेशक, एक छापखानेवाला, एक हार्प वाजवणारा, एक दर्यावर्दी. तिकडं नावंच इतकी थोडी की शेजारीपाजारी माणसाच्या नावापुढं धंदा नाहीतर शेताचं नाव लावायचे, असं पुढं वाचलं. आमच्या वस्तीसारखंच की! सगळे मेलेले, पण ज्याच्या त्याच्या नावापुढं त्याची जन्ममरणाची दोन सालं आणि त्याचं काम. कुणी कुणाच्या जागेवर बसलेला नाही. खोटं कशाला बोलू, मेलेल्या परक्या माणसांचा मला हेवा वाटला.

एवढ्यात आई म्हणाली, ‘मला ने तिथं. पुढल्या सालचं काय सांगावं.’

रिक्षानं नेलं. कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ऊन मरणाचं, माणसं कामं उरकून गेलेली. शेवटी तो दगड राहिला. मी ब्रश बुडवला, आणि तोंडातून निघूनच गेलं, ‘आई, हे नाव घेऊन तू मला एकदा तरी हाक का मारली नाहीस गं? मी काय घोडं मारलं होतं तुझं?’

तिनं मांडीवर पडलेला कडुलिंबाचा पाला झटकला. मग म्हणाली, ‘मारली हुती. एकदा.’

‘कधी?’

‘तू तीन-चार वर्साचा हुतास. मागं खेळत हुतास. भाकरी झाली म्हनून हाक मारली, त्याच नावानं, निस्ती तोंडातनं गेली. तू पळत आलास. आन् मी तुझ्या मागं बघाय लागले. अजून एक येतोय का म्हनून.’ तिनं पदर तोंडाला लावला. ‘तू बी वळून बघितलंस रं मागं. मग माझ्याकडं बघितलंस. तुझं तोंड असं पडलं, लई पडलं. मी म्हनलं, बास. आता न्हाई ह्या लेकराला ह्या नावानं बोलवायचं.’

मला काहीच आठवत नव्हतं. साठ वर्षं मी जिच्यावर दात धरून होतो ती साठ वर्षं मला जपत होती. मी खाली मान घालून अक्षरं गिरवत राहिलो, डोळ्यांपुढं सगळं गिचमिड.

रंग वाळायला दगड सोडून मी नळावर हात धुवायला गेलो. मागून हाक आली. नाव घेऊन. म्हातारा, चिरका आवाज, पण नाव अख्खं, स्पष्ट.

‘ओ’ म्हणालो.

आणि तिच्याकडं जायच्या आधी मी त्या दगडाकडं बघितलं.